बिलोली तेलंगणात गेली तेव्हा

आमच्या धंद्यात 'चालतंय की' म्हणणाऱ्या माणसाला मी दुकानाची पायरी चढू देत नसे, मग तो गिऱ्हाईक का असेना. असा माणूस आज 'चालतंय' म्हणून माल उचलतो आणि आठवड्यानं तोच माल बगलेत मारून परत येतो. हे असं कसं छापलं म्हणून विचारतो. आपण काय म्हणालो होतो, ते त्याला आठवत नाही.

या अंकाच्या संपादकबाईंनी फोनवर सांगितलं, की मुस्लिम घरातली बाई स्क्रीन प्रिंटिंगमध्ये कशी आली ते लिहा, वाचकांना उमेद मिळेल. ज्यांना उमेद पाहिजे त्यांनी दुसरा लेख वाचावा. मी धंद्यात कशी आले याचं उत्तर एका ओळीचं आहे. नांदेडच्या जुन्या भागात आमचं दुकान घराच्या खालीच होतं, आणि अब्बांना बिनपगारी हात पाहिजे होते. मला लिहायचंय ते मिलानाबद्दल. त्याबद्दल कुणी लिहीत नाही, आणि ज्यांना ते जमत नाही तेच त्यावर जास्त बोलतात.

आधी काम काय असतं ते सांगते. एक चौकट घ्यायची आणि तिच्यावर बारीक जाळीचं कापड ढोलकीसारखं ताणून बसवायचं. कापडाला रसायन लावायचं, वर चित्राची फिल्म ठेवायची आणि उजेड द्यायचा. उजेड लागतो तिथं जाळी बुजते. फिल्मवर काळं असतं तिथली जाळी पाण्यानं धुतली की मोकळी होते. मग चौकटीत शाई ओतून रबराच्या पट्टीनं ओढायची. मोकळ्या जाळीतून शाई खाली कापडावर, कागदावर, रेक्झिनवर, जे ठेवलं असेल त्यावर उतरते. एका रंगाला एक चौकट. पाच रंग असतील तर पाच चौकटी, आणि प्रत्येक रंग आधीच्या रंगाला खेटून, न सांडता, न फट पाडता बसला पाहिजे. याला आम्ही मिलान म्हणतो. चित्राच्या कोपऱ्यात अधिकच्या चिन्हासारखी बारीक खूण असते, तिला प्लस म्हणतात. सगळ्या रंगांचे प्लस एकावर एक पडले की मिलान झालं.

हे मिलान बहुतेक दुकानांत कसं करतात ते ऐका. चौकट टेबलावर ठेवायची. जरा सरकवायची. टेप लावायची. एक छाप मारायची, बघायचं, एक शिवी द्यायची, टेप काढायची. खाली कागदाची घडी घालायची. परत छाप, परत शिवी. सकाळी दुकान उघडलं की पहिले दोन रंग जुळेपर्यंत जेवणाची वेळ होते, आणि जेवून येईपर्यंत कुणाचा तरी धक्का लागून सगळं हललेलं असतं. माल थोडा आणि वाया गेलेले छाप जास्त. आणि एवढं करून हे लोक स्वतःला उस्ताद म्हणवतात. हाताची करामत आहे म्हणे. सुतारानं दर वेळी दाराची बिजागरी अंदाजानं लावली, तर त्याला कुणी उस्ताद म्हणेल का? आमच्यात म्हणतात.

गिऱ्हाईकंही तसलीच. लातूरचे एक शिकवणीवाले सर आमच्याकडं आले होते. पोरांना द्यायच्या पिशव्यांवर त्यांना स्वतःचा चेहरा पाहिजे होता, चार रंगांत. लातूरच्याच कुठल्या तरी दुकानात त्यांनी आधी छापून घेतलं होतं. त्या छापात त्यांना दोन मिशा आल्या होत्या, एक जागेवर आणि एक नाकाच्या बाजूनं निघालेली. ते नमुना घेऊन तक्रार करत बसले. आम्ही चेहरा नीट छापून दिला, केसाला केस जुळवून. सरांनी तो हातभर लांब धरून बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, हा मस एवढा दिसायची काय गरज होती? नाकाशेजारी त्यांना चांगला हरभऱ्याएवढा मस होता. रंग सरकलेल्या छापात तो मिशीखाली गडप झाला होता. शेवटी त्यांनी पिशव्या त्या जुन्याच दुकानातून घेतल्या. लातुरात पोरं दोन मिशांचे सर खांद्याला लावून हिंडली, आणि सर खूश राहिले.

आता माझ्या भावाबद्दल. वहीदभाई माझ्यापेक्षा मोठा. अब्बांच्या पाठीमागं दुकान त्यानं चालवलं. खोटं कशाला बोलू, जवानीत त्याची नजर खरोखर होती. एक डोळा बारीक करून तो चौकटीवर वाकायचा, अंगठ्यानं एक हलका दाब द्यायचा आणि सरळ माल काढायला लागायचा. परभणीपासून लोक त्याच्याकडं काम घेऊन यायचे. 'वहीदभाईची नजर' असं सगळेच म्हणायचे, आणि एखाद्याला रोज असं म्हटलं की त्याचं डोकं ठिकाणावर राहत नाही. मी फिल्म कापायचे, चौकटी ताणायचे, शाई घोटायचे. चौकट बसवायला त्यानं मला कधी हात लावू दिला नाही. एकदा मी म्हणाले, की चौकटीला टेबलावर पक्की जागा करून ठेवली तर? त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जसं मी मशिदीत चपला घालून शिरले होते.

पक्क्या जागेची गोष्ट मला विष्णुपुरीला कळली. तिथल्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांचे टी-शर्ट पोचवायला मी गेले होते. पोरं कार्यक्रमात, ताब्यात घ्यायला कुणी नाही, म्हणून मी वर्कशॉपच्या सावलीत बसले. तिथं पांचाळ नावाचे फिटर काम करत होते. लोखंडाचा एक तुकडा मशीनला लावायचे, भोक पाडायचे, काढायचे, दुसरा लावायचे. कुठं मोजमाप नाही, डोळा बारीक करणं नाही, तरी प्रत्येक भोक एकाच जागी. मी विचारलं, हे कसं? त्यांनी मला बोलावून दाखवलं. तुकडा तीन खिळ्यांना टेकत होता. लांब बाजूला दोन, आखूड बाजूला एक.

"तीन जागी टेकलं का हलत न्हाई ताई," ते म्हणाले. "चार जागी टेकवा, मग डुलतंय. लोक चार टेकवतात आन् बोंबलतात."

मी त्यांना चौकटीचं सगळं समजावून सांगितलं. ते ऐकून त्यांनी मलाच विचारलं, की फिल्म चौकटीवर ठेवता ती कशाच्या आधारानं? मी म्हणाले, अंदाजानं. मग टेबलावर टेकू लावून काय फायदा, ते म्हणाले. चित्रच चौकटीत वाकडंतिकडं बसलं असेल, तर टेकू त्याला वाकडंच आणून ठेवील. हे मला कधी सुचलं नव्हतं, आणि आमच्या गावातल्या एकाही उस्तादाला सुचलं नव्हतं. म्हणजे उजेड देतो त्या काचेवर आणि छपाईच्या टेबलावर, दोन्हीकडं तेच तीन टेकू पाहिजेत. फिल्मला भोकं पाडून ती काचेवरच्या खिळ्यांत अडकवायची. मग चित्र प्रत्येक चौकटीत एकाच जागी उतरतं, आणि चौकट टेबलावर एकाच जागी येते. उरलासुरला केसभर फरक काढायला टेकूलाच बारीक स्क्रू.

पांचाळांनी ते टेकू घरी बसून घासून दिले. त्यांच्या मुलीच्या लग्नपत्रिका मी छापून दिल्या. शाई घोटायच्या माझ्या लहान टेबलावर मी टेकू बसवले, आणि पहिल्याच दिवशी दोन रंगांचं काम चहा येईपर्यंत लागलं. वहीदभाईनं लांबून पाहिलं आणि म्हणाला, हे बच्चा लोकांचं आहे, ज्यांना नजर नाही त्यांच्यासाठी. त्याच्या मोठ्या टेबलाला हात लावायचा नाही, हेही सांगितलं.

त्या उन्हाळ्यात बिराजदार आले. हे लातूरचे, शाळांना तक्ते आणि नकाशे पुरवणारे. पांढरे कपडे, पांढरे बूट, आणि बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात. त्यांना नांदेड जिल्ह्याचा भिंतीवरचा नकाशा रेक्झिनवर छापून पाहिजे होता. फ्लेक्सवर छापलेले नकाशे वर्षा-दोन वर्षांत विटतात, आमची शाई पोरं शाळा सोडून जातात तरी राहते. पाच रंग होते. आपला जिल्हा पिवळा, शेजारचा मुलूख गुलाबी, नद्या निळ्या, हद्द लाल आणि गावांची नावं काळी. जून महिन्यात शाळा उघडायच्या आत शाळाशाळांत पोचायला पाहिजे होता. मी म्हणाले, मोठ्या टेबलाला टेकू बसवू आणि मग घेऊ. वहीदभाई म्हणाला, पाच रंगांचं काम आलंय तर हे नजरेचंच काम आहे, आणि ते मी करणार. बिराजदारांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, म्हणूनच तर तुमच्याकडं आलो.

मला औशाला बहिणीच्या घरी भाच्याच्या लग्नाला जायचं होतं. मी गेले. परत आले तेव्हा माल लातूरला गेलेला होता, बिराजदारांनी पाहून घेतलेला होता आणि गाड्या भरून शाळांकडं रवाना झालेल्या होत्या. दुकानात एकही नकाशा शिल्लक नव्हता. कसा झाला, मी विचारलं. नंबर एक, भाई म्हणाला.

थोड्याच दिवसांनी बिलोली तालुक्यातले एक मुख्याध्यापक दुकानात आले. उन्हातून, एसटीनं, नकाशाची गुंडाळी काखेत धरून. लोक त्यांना हणमंत गुरुजी म्हणतात. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. गुंडाळी माझ्या टेबलावर पसरली, चार कोपऱ्यांवर शाईचे डबे ठेवले आणि एक बोट ठेवलं.

"ताई, आमची बिलोली तुम्ही तेलंगणात घातली," ते म्हणाले. "पोरं ईचारून राहिलीत, आता तेलुगूतून शिकायचं का म्हून."

मी पाहिलं. लाल हद्द आणि पिवळा रंग पश्चिमेकडं सरकले होते, काळी नावं आपल्या जागी होती. पूर्वेच्या कडेला जे गाव होतं ते सगळं हद्दीबाहेर गुलाबी मुलखात पडलं होतं. बिलोलीचा काळा ठिपका तर लाल रेघेच्या चांगलाच पलीकडं होता. निळा रंग तिसरीकडंच गेला होता. विष्णुपुरीचं धरण कोरड्या जमिनीवर उभं होतं आणि गोदावरी शेजारून आपल्या वाटेनं चालली होती. गुरुजी रागावले नव्हते, त्याचं मला जास्त वाईट वाटलं. ते म्हणाले, की अर्धी पोरं तशीही तेलुगू बोलतात, त्याचं काही नाही. पण पहिल्यांदा शाळेत आपल्या गावाचं नाव असलेला नकाशा आला. त्यांनी सुट्टीतच पोरं गोळा करून तो भिंतीवर लावला, पट्टीनं गाव दाखवलं, आणि पोरं हसली.

बिराजदारांना कळायला वेळ लागला नाही. ते आले तेव्हा खांद्यावर हात नव्हता. सगळे नकाशे बदलून द्या, नाहीतर लातूर-नांदेडात तुम्हाला कुणी एक पावती छापायला देणार नाही अशी व्यवस्था करतो, असं म्हणाले. मी विचारलं, माल तुम्ही पाहून घेतला होता ना? त्यांनी पाहिला होता. खाली उजव्या कोपऱ्यात त्यांचं स्वतःचं नाव ठळक आलंय की नाही, तेवढं. बिलोली कुठं आहे हे त्यांना आजही सांगता येईल असं मला वाटत नाही.

मी नकाशा भाईपुढं धरला आणि बिलोलीवर बोट ठेवलं. त्यानं मान जराशी वाकडी केली, नकाशाच्या कडेकडं पाहिल्यासारखं केलं आणि म्हणाला, बरोबर तर आहे.

"गुरुजी उन्हातून हे दाखवायला आले," मी म्हणाले, "आणि तुला बरोबर दिसतंय?"

तो उठला आणि वर घरात निघून गेला. मला वाटलं, हा माणूस गर्वानं सडला आहे. तालुका परराज्यात गेला तरी चालेल, पण आपला अंगठा चुकला म्हणणार नाही. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद झालं. एका घरात, एका दुकानात, जेवणाचं ताट मधे वहिनीच्या हातून सरकायचं.

मी पांचाळांना बोलावून मोठ्या टेबलाला टेकू बसवले. भाईला विचारलं नाही. जुन्या चौकटींचं कापड पाहिलं, तर दाबलं की खाली जाऊन तसंच राहायचं. असल्या ढिल्या कापडावर पट्टी ओढली की चित्र पट्टीबरोबर चालायला लागतं. मग हद्द जागेवर राहील कशी? पाचही चौकटी नव्यानं ताणल्या, बोटानं टिचकी मारली की आवाज येईल अशा. फिल्म खिळ्यांत अडकवून उजेड दिला. कामाच्या दोन बाया होत्या, एक रेक्झिन टेकूंना भिडवून ठेवायची आणि एक ओले नकाशे दोरीवर टांगायची. पिवळा लागला. गुलाबी लागला, एकदासुद्धा सरकवावा न लागता. निळा लागला, आणि गोदावरी धरणातून वाहायला लागली. मला नाचावंसं वाटत होतं, पण भाई गल्ल्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, की आता दुकानात खिळे छापतात, माणसं नाही. म्हणून मी तोंड वाकडंच ठेवलं.

मग लाल रंगाची पाळी आली. काम मागं पडलेलं होतं म्हणून मी दुपारीही चालू ठेवलं. उन्हाळ्यातल्या नांदेडची दुपार, दारापुढचा पत्रा तापलेला. पहिले नकाशे नीट आले. नंतर पाहते तर पूर्वेच्या कडेला लाल रेघ पुन्हा आत आलेली. टेकूकडच्या बाजूला प्लसवर प्लस, आणि लांबच्या बाजूला बिलोली परत निघाली तेलंगणाला. मी स्क्रू तपासले, चौकट तपासली, टेकू हलवून पाहिले. काहीच हललं नव्हतं. मी काम थांबवलं. गल्ल्यावरून हसू येईल म्हणून वाट पाहिली. आलं नाही.

भाई उठून आला. नकाशाकडं त्यानं पाहिलंच नाही. रेक्झिनवर तळहात ठेवला, मग कडेला चिमटीत धरून जरासं ओढलं, आणि किती तरी दिवसांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलला. रेक्झिन उन्हात पाय पसरतं, म्हणाला. सकाळी थंडाव्यात तीन रंग दिलेस, तेव्हा ते आखूड होतं. आता ते वाढलंय आणि तुझी चौकट तेवढीच आहे. तुझ्या खिळ्यांचा दोष नाही. सकाळीच छाप, आणि पाचही रंग एकाच वेळेच्या हवेत. एवढं बोलून परत जाऊन बसला.

ते बरोबर होतं. मला ते माहीत नव्हतं, आणि टेकूंना तर नव्हतंच नव्हतं. बिघडलेले नकाशे बाजूला टाकले आणि उरलेलं रेक्झिन आतल्या फरशीच्या खोलीत पसरून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी उजाडतानाच मी खाली उतरले. दुकानाचं दार आधीच उघडं होतं. भाई मोठ्या टेबलाशी उभा होता. लालची चौकट त्यानं उचलली होती आणि तोंड खिडकीकडं होतं, म्हणजे टेबलाकडं त्याचं लक्षच नव्हतं. डाव्या हाताच्या बोटांनी त्यानं एकेक टेकू चाचपला, चौकट खाली आणली, अंगानं हलकेच ढकलली. टक् असा आवाज झाला. त्यानं पट्टी ओढली, चौकट उचलली, आणि तसाच उभा राहिला. मी पुढं होऊन पाहिलं. प्लसवर प्लस होता. बिलोली आपल्या घरात होती.

माझं डोकं भडकलं. हे इतकं सहज येत होतं तर इतके दिवस तमाशा कशाला मांडला, असं मी विचारलं. त्यानं पट्टी खाली ठेवली. आमच्या घरात दखनी बोलतात. तो हळू आवाजात म्हणाला,

"मेरेकू प्लस दिखता नै, शमीम. कब का नै दिखता."

मग त्यानं सांगितलं. जिकडं बघावं तिथं बरोबर मधोमध एक डाग येतो. कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही, म्हणून तो मान वाकडी करायचा. सरळ रेघ वाकडी दिसते. ज्या माणसानं जन्मभर रेघेवर रेघ ठेवली, त्याला सरळ रेघ कशी असते तेच दिसेनासं झालं होतं. साखरेचा आजार त्याला होता हे सगळ्यांना माहीत होतं, पण ती साखर डोळ्यांत उतरली हे त्यानं वहिनीलाही कळू दिलं नव्हतं. लोक नजरेसाठी येतात, तो म्हणाला. नजर गेली म्हटल्यावर कोण येईल?

रडू आलं असं लिहिलं तर लेखाला बरं दिसेल. मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. एक शब्द बोलला असता तर सगळं निभावलं असतं. तो शब्द टाळायला या माणसानं अख्खा तालुका दुसऱ्या राज्यात पाठवला, एका गुरुजीला पोरांसमोर हसं करून घ्यायला लावलं, आणि डाग पसरू दिला. आणि हे करायला त्याला शिकवलं कुणी, तर 'वाह वहीदभाई' म्हणणाऱ्यांनी. त्यातला एकही जण त्याला डॉक्टरकडं न्यायला आला नाही. मीच त्याला लातूरला घेऊन गेले. डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब टाकून बराच वेळ आत पाहिलं आणि म्हणाले, आतल्या पडद्याला साखरेनं सूज आणली आहे. आधी आला असता तर बरंच वाचलं असतं. आता इंजेक्शनं देऊन उरलेलं राखता येईल, गेलेलं यायचं नाही. परतीच्या गाडीत भाई खिडकीशी बसला होता. उलट्या दिशेच्या औसा रोडला लागेपर्यंत गाडी चुकीची धरली हे आम्हा दोघांनाही कळलं नाही, आणि त्या सगळ्या दिवसात आम्ही एकदा हसलो ते तेव्हा.

नकाशे पूर्ण झाले. रोज पहाटेच्या गारव्यात भाई चौकट बसवायचा, पट्टी ओढायचा, आणि मी प्लस बघायचे. शाळा उघडायच्या आधी बिराजदारांचा माल पोचला. पुन्हा त्यांनी तो खालच्या उजव्या कोपऱ्यात पाहून घेतला, आणि आमच्याच दुकानात उभं राहून एका गिऱ्हाईकाला म्हणाले, वहीदभाईची नजर म्हणजे नजर. भाई खाली मान घालून बसला होता. हणमंत गुरुजींचा नकाशा मात्र मी स्वतः बिलोलीला नेऊन दिला. त्यांनी जुना उतरवून नवा लावला, आणि जुना टाकून दिला नाही. पोरांना चूक कशी ओळखायची हे शिकवायला बरा आहे, म्हणाले. दोन्ही शेजारी शेजारी टांगले.

टेकूंची गोष्ट गावात पसरली. बरेच जण बघायला आले. एका पोरगेल्या प्रिंटरनं लाकडाचे ठोकळे ठोकून आपल्या दुकानात तसंच केलं, आणि त्याचं काम आज माझ्यापेक्षा चांगलं असतं. बाकीच्यांनी टेकूंना बोट लावून पाहिलं, एवढंच ना म्हणाले, आणि आपापल्या टेपकडं परत गेले. एकानं परगावाहून मोठी आपोआप चालणारी मशीन आणली. ती त्याच्या दुकानात चादर पांघरून उभी आहे, कारण मशीन वाकडी फिल्म सरळ करून देत नाही हे विकणाऱ्यानं त्याला सांगितलं नव्हतं. त्या मशीनवर आता पाण्याची घागर ठेवतात. आता तर कॉम्प्युटरवरून सगळे रंग एकदमच छापून येतात, जुळवायचं काही राहिलंच नाही. पोरांना ते सोपं वाटतं. धुलाईत रंग निघून जातो तेव्हा आमची आठवण काढतात, आणि मी त्यांना आठवणीवरच ठेवते.

मी मोठं काम आता घेत नाही. लहानसहान येतं ते करतो, मी आणि भाई. काळा आणि पांढरा यातला फरक त्याला कळतो, चेहरा आवाजावरून ओळखतो, जिना मोजून चढतो. टेबलाशी उभा राहिला की मात्र त्याला कुणी आंधळा म्हणणार नाही. चौकट टेकूंना लागल्याचा आवाज तो कान देऊन ऐकतो, आणि आवाज नीट आला नाही तर उचलून पुन्हा बसवतो. कापड ढिलं झालेलं मला कळायच्या आधी त्याच्या बोटांना कळतं.

परवा औशाच्या एका बचत गटाच्या पिशव्या होत्या. चटणी-मसाल्याच्या, लाल आणि हिरवा असे दोन रंग. लाल झाला होता. भाईनं हिरव्याची चौकट बसवली, पट्टी ओढली, पिशवी काढली आणि माझ्यापुढं धरली. या माणसानं जन्मात कुणाला विचारलं नव्हतं. मिलान झालंय हे तो सांगायचा आणि आपण ऐकायचं.

"जुळलं का?" त्यानं विचारलं.

मी पिशवी उजेडात नेली. त्याचं मन राखायला होय म्हणता आलं असतं. बाजारात कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

"हिरवा केसभर उजवीकडं आहे," मी म्हणाले.

त्यानं मान हलवली. हात टेबलाच्या कडेनं नेत आखूड बाजूचा टेकू शोधला, स्क्रू दोन बोटांत धरला आणि अगदी थोडा, घड्याळाला चावी द्यावी तसा फिरवला. मग दुसरी पिशवी मागितली, ठेवली, चौकट आणली, पट्टी ओढली.

"आता?"

"आता जुळलं."

"बघून सांग," तो म्हणाला.

मी पुन्हा एकदा बघितलं आणि सांगितलं.